बिलावरचा लोगो: एका कमांडला आडव्या रेघा, दुसरीला उभ्या

फरसाण_सॉफ्ट | रविवार, रात्री ११.१०

मंडळी, डोकं चालेनासं झालंय म्हणून इथे आलो.

मामांच्या फरसाणच्या दुकानासाठी बिलिंगचं छोटं सॉफ्टवेअर लिहिलं आहे, सी शार्पमध्ये. प्रिंटर ५८ मिमीचा, ब्लूटूथवाला. विंडोजला तो कॉम पोर्ट (सिरियल जोडणी) म्हणून दिसतो. मजकूर पहिल्या दिवसापासून झकास छापतोय. शेव, चिवडा, जीएसटी, एकूण, सगळं जागच्या जागी. घोडं अडलंय लोगोवर.

लोगो म्हणजे एक काळी पट्टी आणि तिच्यात पांढऱ्या अक्षरांत दुकानाचं नाव. ३८४ ठिपके रुंद, १२० उंच. मी ईएससी स्टार (ईएससी-पॉस या प्रिंटरच्या भाषेतली, चित्र पट्ट्यापट्ट्यांनी छापायची कमांड) वापरतोय, मोड ३३. म्हणजे १बी २ए २१ ८० ०१, त्यामागे ३८४ × ३ = ११५२ बाइट, शेवटी ०ए. असे २४-२४ ठिपक्यांचे पाच पट्टे. (कमांडचे बाइट हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पटीतले आकडे; बाकी हिशेब साधा. इथे देवनागरी आकडे आहेत म्हणून कोडात तसेच टाकू नका कुणी.)

पहिला पट्टा सगळाच्या सगळा काळा यायला हवा, कारण अक्षरं त्याच्या खाली सुरू होतात. पण तो उजवीकडे तोकडा पडतो, त्याच्या आत दोन पांढऱ्या आडव्या रेघा येतात आणि त्याला चिकटूनच प्रश्नचिन्हं सुरू होतात. ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हं. मग दुसरा पट्टा, पुन्हा प्रश्नचिन्हं. एका लोगोला हातभर कागद जातो. मामा म्हणाले, "बिलाला एवढे प्रश्न पडले तर गिऱ्हाइकाला किती पडतील?"

---

नंदू_नाशिक | रविवार, रात्री ११.३२

सोपं आहे. ओळींमधलं अंतर कमी कर. अशा प्रिंटरांत मूळ अंतर साधारण ३० ठिपके असतं आणि तुझा पट्टा २४ चा. मग प्रत्येक पट्ट्याखाली सहा ठिपके कोरे राहतात, त्याच त्या पांढऱ्या रेघा. लोगोच्या आधी १बी ३३ १८ (हेक्समधला १८ म्हणजे आपले २४) पाठव, झाल्यावर १बी ३२. दुसरं विसरलास तर खालचा सगळा मजकूर एकमेकाला चिकटून येईल.

मोठ्या, महाग प्रिंटरवर कधी गेलास तर १८ हा आकडा डोळे मिटून वापरू नको. काहींत ते माप ठिपक्यात नसून ३६० व्या भागाच्या इंचात असतं, तिथे १८० डीपीआयच्या (इंचात १८० ठिपके) हेडला २४ ठिपक्यांसाठी ४८ (हेक्समध्ये ३०) द्यावे लागतात.

---

अर्धवट_प्रोग्रामर | रविवार, रात्री ११.५८

ईएससी स्टार २०२६ मध्ये कोण वापरतं राव! जीएस व्ही शून्य घे. अख्खं चित्र एका फटक्यात जातं, पट्टे पाडायची भानगड नाही, ओळींच्या अंतराशी काही देणंघेणं नाही.

१डी ७६ ३० ०० ३० ०० ७८ ००, मग डेटा. त्यात ३० म्हणजे ४८, ओळीतले बाइट (३८४ भागिले ८). ७८ म्हणजे १२०, ओळी. एकूण ४८ × १२० = ५७६० बाइट. एक इकडे-तिकडे झाला तरी खेळ खलास.

---

फरसाण_सॉफ्ट | सोमवार, रात्री १०.४५

दोन्ही करून बघितलं.

नंदूदादा, अंतर बदलल्यावर प्रश्नचिन्हांच्या ओळी दाटीवाटीनं आल्या, बाकी फरक शून्य. पट्ट्याच्या आतल्या दोन रेघा तशाच आहेत.

अर्धवटराव, जीएस व्ही शून्यनं प्रश्नचिन्हं गेली! लोगो बरोब्बर रुंदीचा, बरोब्बर उंचीचा. पण आता काळ्या पट्टीत उभ्या पांढऱ्या रेघा आहेत, कंगव्याच्या फटींसारख्या, अगदी एकसारख्या अंतरावर. भिंग घेऊन मोजल्या. ४७. अक्षरं वाचता येतात पण उंदरानं कुरतडल्यासारखी.

चित्र तेच, प्रिंटर तोच. एका कमांडला आडव्या रेघा, दुसरीला उभ्या. हे काय गौडबंगाल आहे?

---

बेळगावकर | सोमवार, रात्री ११.०५

रुमाल टाकून ठेवतो. मलाही हेच पाहिजे होतं.

---

थर्मल_काका | मंगळवार, सकाळी ७.२०

मी प्रोग्रामर नाही, दुरुस्तीवाला आहे. उभी पांढरी रेघ दिसली की आमचा पहिला संशय हेडवर. हेडवर कचरा असेल किंवा एखादा ठिपका मेला असेल तर कागदाच्या लांबीभर सरळ पांढरी रेघ येते. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवून बघतो. गेली तर कचरा होता, राहिली तर हेड बदला.

पण मग ती रेघ मजकुरातही दिसली पाहिजे. तुमचा मजकूर स्वच्छ येतोय म्हणता. आणि ४७ ठिपके एकसारख्या अंतरावर मरत नसतात. तेव्हा हेड निर्दोष. दोष तुमच्याकडे आहे, राग मानू नका.

प्रिंटरला काय मिळतंय ते बघा. तुम्ही काय पाठवताय ते सोडा. हेक्स डम्प म्हणून एक सोय असते. त्यात प्रिंटर कुठलीच कमांड पाळत नाही, आलेला प्रत्येक बाइट आकड्यात छापतो. बऱ्याच मोठ्या प्रिंटरांत कव्हर उघडं ठेवून, फीडचं बटण दाबून धरून चालू करायचा आणि मग कव्हर लावायचं. छोट्यांत बटण जास्त वेळ दाबून धरावं लागतं, किंवा १डी २८ ४१ ०२ ०० ०० ०१ ही कमांड चालते. तुमच्या डब्यात आलेला मॅन्युअलचा चिटोरा फेकला नसेल तर त्यात असेल.

---

फरसाण_सॉफ्ट | मंगळवार, दुपारी ३.१५

काका, दंडवत. चिटोरा सापडला. ईएससी स्टारचा डम्प काढला. पहिल्या दोन ओळी जशाच्या तशा उतरवतो:

१बी २ए २१ ३एफ ०१ ३एफ ३एफ ३एफ
३एफ ३एफ ३एफ ३एफ ३एफ ३एफ ३एफ ३एफ

आणि पुढे वीतभर फक्त ३एफ. मी तर एफएफ (आठही ठिपके काळे) पाठवतोय!

---

मंजिरी_के | मंगळवार, दुपारी ४.०२

सापडलं. 😀

एफएफचे ३एफ झाले ते जरा बाजूला ठेव. आधी चौथा बाइट बघ. तू ८० पाठवला होतास, तिथेही ३एफ आहे. ३एफ हा आस्कीमध्ये (इंग्रजी अक्षरांना आकडे देणारा जुना तक्ता) प्रश्नचिन्हाचा आकडा.

तू सगळे बाइट एका स्ट्रिंगमध्ये जोडून सिरियलपोर्टच्या राइटला ती स्ट्रिंग देतोयस, बरोबर? डॉटनेटमध्ये (सी शार्प ज्यावर चालतं ते) सिरियलपोर्टचं मूळ एन्कोडिंग, म्हणजे अक्षरांचे बाइट करायची पद्धत, आस्की असतं. आस्कीला १२७ च्या वरचं काही माहीत नाही. जे कळलं नाही तिथे ते मुकाट्यानं '?' ठेवतं. एररही नाही, इशाराही नाही. तुझा इंग्रजी मजकूर सगळा १२७ च्या आतला, म्हणून तो पहिल्या दिवसापासून झकास.

आता तुझी सगळी लक्षणं लावून बघू.

ईएससी स्टार. ८० ०१ म्हणजे ०१ गुणिले २५६ अधिक १२८, ३८४ रकाने. तिथे ३एफ ०१ पोचलं. म्हणजे २५६ + ६३ = ३१९. प्रिंटर बिचारा आज्ञाधारक. त्यानं ३१९ रकान्यांचं चित्र घेतलं आणि म्हणाला, झालं चित्र, आता जे येईल तो मजकूर. उरले ६५ रकाने, गुणिले तीन, १९५ बाइट. सगळे ३एफ. म्हणजे १९५ प्रश्नचिन्हं. चित्रानंतर ओळीत ६५ ठिपके उरले, १२ ठिपक्यांचं एक अक्षर, तर पाच प्रश्नचिन्हं पट्ट्याच्या शेजारी. मग ३२ च्या पाच पूर्ण ओळी आणि शेवटच्या ओळीत ३०. पहिल्या पट्ट्याखाली मोजून सांग.

रेघा. ३एफ बायनरीत मांडला की ००११११११. दोन पांढरे, सहा काळे. ईएससी स्टारमध्ये बाइट उभा असतो: आठ ठिपके वरून खाली, थोरला बिट वर. एका रकान्यात असे तीन बाइट एकाखाली एक. म्हणून दर आठ ठिपक्यांनी दोन ठिपक्यांची आडवी पांढरी रेघ. खरं तर तीन रेघा आहेत, पण सगळ्यात वरची पट्ट्याच्या काठावर येते, कोऱ्या कागदात मिसळते. म्हणून तुला आतल्या दोन दिसल्या.

जीएस व्ही शून्यमध्ये बाइट आडवा असतो: आठ ठिपके डावीकडून उजवीकडे. तेच दोन पांढरे सहा काळे, आता आडवे, आणि प्रत्येक ओळीत त्याच जागी. म्हणून उभ्या रेघा. ४८ बाइट, ४८ रेघा, पहिली डाव्या काठावर लपली, उरल्या ४७.

आणि जीएस व्ही शून्यला प्रश्नचिन्हं का नाहीत? कारण तिच्या हेडरमधले आकडे ३०, ००, ७८, ००. एकही ७एफ च्या (म्हणजे १२७ च्या) वर नाही. मोजमाप शाबूत पोचलं, फक्त रंग बिघडला.

उपाय एका ओळीचा: स्ट्रिंग सोड, बाइटचा ॲरे कर आणि राइटचा ॲरे घेणारा प्रकार वापर (ॲरे, शून्य, लांबी).

---

अर्धवट_प्रोग्रामर | मंगळवार, दुपारी ४.११

मंजिरीताई, ४७ ऐकून ४८ वी रेघ शोधून काढलीत. आम्ही आपले नावाप्रमाणेच.

---

फरसाण_सॉफ्ट | मंगळवार, रात्री ९.४०

मोजली. पट्ट्याशेजारी पाच, पाच पूर्ण ओळी, शेवटच्या ओळीत तीस. अंगावर काटा आला.

ॲरे केला. लोगो आला. काळाकुळकुळीत. मामांनी तो कागद फाडून गल्ल्याच्या काचेखाली सरकवलाय.

---

नंदू_नाशिक | मंगळवार, रात्री १०.०५

मी आपला अंतरावर अडून बसलो, प्रश्नचिन्हांचा मुद्दा वाचलाच नव्हता. चूक मान्य. पण १बी ३३ १८ ठेव, ईएससी स्टारला ते लागतंच.

एक पुरवणी. हाच घोळ जावास्क्रिप्टमध्ये वेगळा दिसतो. तिथे बाइटचे यूटीएफ-८ (जगातल्या सगळ्या लिप्यांसाठीचं एन्कोडिंग) होतात, १२७ च्या वरचा प्रत्येक बाइट दोन होतो. एफएफ पाठवला की सी३ बीएफ पोचतं. मग डेटा लांबतो, प्रिंटर मोजून तेवढाच घेतो आणि उरलेला कचरा अक्षरं म्हणून ओकतो. आणि विंडोजवर फाइल टेक्स्ट मोडमध्ये उघडली तर चित्रातल्या प्रत्येक ०ए च्या आधी ०डी घुसतो. मग चित्र मध्येच एका बाइटानं सरकतं आणि तिथून पुढे तिरकं चालू लागतं. लक्षणावरून रोग ओळखायचा असेल तर हे तिन्ही लक्षात ठेवा.

---

बेळगावकर | बुधवार, सकाळी ९.३०

वाचनखूण साठवली आहे.

माझा प्रश्न. लोगो प्रत्येक बिलाला पुन्हा का पाठवायचा? माझा जुना ८० मिमीचा प्रिंटर सिरियल वायरवर आहे, ९६०० बॉड (सेकंदाला ९६०० बिट). सेकंदाला जेमतेम ९६० बाइट जातात. ८० मिमीला ओळ ५७६ ठिपक्यांची, ७२ बाइट. १२० ओळींचा लोगो ८६४० बाइट, म्हणजे नऊ सेकंद नुसता लोगो. गिऱ्हाईक पिशवी उचलून चालू लागतं.

---

मंजिरी_के | बुधवार, सकाळी १०.१५

दोन सोयी आहेत.

एक, जीएस स्टार (१डी २ए). चित्र प्रिंटरच्या रॅममध्ये ठेवायचं आणि १डी २एफ ०० नं छापायचं. पण वीज गेली की गेलं, आणि १बी ४० म्हणजे इनिशियलाइझ पाठवलं तरी गेलं. बहुतेकांचं बिल १बी ४० नंच सुरू होतं, तेव्हा ही सोय हाती येऊन निसटते.

दोन, कायमची मेमरी. एफएस क्यू (१सी ७१) नं एकदा साठव आणि मग प्रत्येक बिलाला एफएस पी: १सी ७० ०१ ००. ८६४० बाइटांऐवजी चार. यात रुंदी आणि उंची दोन्ही आठच्या पटीत द्यायच्या. ७२ आणि १५, ठिपके नव्हेत. आणि इथे बाइट पुन्हा उभा: पहिला रकाना वरून खालपर्यंत पूर्ण, मग दुसरा. जीएस व्ही शून्यचा डेटा इथे जसाच्या तसा दिलास तर लोगोचा भुगा छापला जाईल.

आणखी एक: एफएस क्यू दिली की आधी साठवलेली सगळी चित्रं पुसली जातात. दोन लोगो हवेत तर दोन्ही एकाच कमांडमध्ये.

---

थर्मल_काका | बुधवार, दुपारी १.५०

एफएस क्यूबद्दल हात जोडून एक विनंती. ती बिलाच्या कोडात ठेवू नका. वेगळं बटण करा, "लोगो बसवा", आणि ते कॅशियरला दाखवू नका.

एका हॉटेलाचा प्रिंटर माझ्याकडे आला होता. तक्रार काय, तर "बिल फार हळू येतं आणि हल्ली लोगो येत नाही". लाइनवर काय जातंय बघितलं तर प्रत्येक बिलाच्या सुरुवातीला लोगो नव्यानं कायमच्या मेमरीत लिहिला जात होता. ज्यानं कोड लिहिला त्याला बहुधा वाटलं असेल, साठव आणि छाप या जोडीनंच द्यायच्या कमांडी. कमांडनंतर प्रिंटर स्वतःला रीसेट करतो, तेवढ्या वेळात आलेलं हरवतं. ते लक्षात आल्यावर त्यानं तीन सेकंदांचा थांबा घातला. मूळ दुखणं तसंच. दिवसाला दोनशे बिलं, म्हणजे दोनशे वेळा लेखन. एप्सनच्या स्वतःच्या कमांड माहितीत स्पष्ट आहे की या मेमरीत दिवसाला दहापेक्षा जास्त वेळा लिहू नका. ती मेमरी वहीच्या पानासारखी असते. खोडून खोडून शेवटी भोक पडतं.

तो बोर्ड मी बदलला. मालकाचा अजूनही समज आहे की प्रिंटर हलका होता.

---

अर्धवट_प्रोग्रामर | बुधवार, दुपारी २.३०

जीएस व्ही शून्य मीच सुचवली, म्हणून कबुली देतो. एप्सननं तिला केव्हाच जुनी ठरवलं आहे. त्यांची शिफारस जीएस कंस एल (१डी २८ ४सी) ची. त्यात ११२ नंबरच्या फंक्शननं चित्र बफरात (तात्पुरत्या साठ्यात) भरायचं, ५० नंबरनं छापायचं. कायमच्या मेमरीसाठी ६७ नं साठवायचं, ६९ नं छापायचं, आणि प्रत्येक चित्राला दोन अक्षरांची किल्ली. एक पुसलं तर बाकीची राहतात.

फक्त एक खड्डा: जीएस व्ही शून्यला रुंदी बाइटमध्ये द्यायची, जीएस कंस एलला ठिपक्यांत. माझा एक अख्खा शनिवार त्या खड्ड्यात गेला.

---

मंजिरी_के | बुधवार, दुपारी २.४४

जुनी खरी, पण बाजारात मिळणाऱ्या स्वस्त प्रिंटरांना जीएस व्ही शून्यच नीट कळते. कंस एल दिली की काही गप्प बसतात, काही कचरा छापतात. गिऱ्हाइकाकडे कुठला प्रिंटर असेल ते आपल्या हातात नसतं. मी जीएस व्ही शून्य मूळ ठेवते आणि सेटिंगमध्ये बाकीच्या दोन्ही देते. पायथन-एस्कपॉस या लायब्ररीतही चित्रासाठी हेच तीन पर्याय आहेत: रास्टर (जीएस व्ही शून्य), ग्राफिक्स (जीएस कंस एल), कॉलम (ईएससी स्टार). उगाच नाही ठेवलेले.

ब्लूटूथवर एकदम ५७६० बाइट ओतू नका मात्र. छोट्या प्रिंटरचं पोट लहान. २४-२४ ओळींचे तुकडे करा, प्रत्येकाला स्वतःचं हेडर (७८ च्या जागी १८), मध्ये थोडी उसंत. रास्टरमध्ये कागद चित्राएवढाच सरकतो, त्यामुळे सांधा दिसत नाही.

---

कोकणी_मेवा | गुरुवार, रात्री ८.२०

आमचं दुकान: आंबापोळी, फणसाचे गरे, कुळथाचं पीठ. बिल मराठीत हवंय. लोगोतलं मराठी येतं तर मजकुरातलं का येत नाही?

---

मंजिरी_के | गुरुवार, रात्री ९.०५

प्रिंटरच्या पोटातल्या फॉन्टमध्ये बहुतेक वेळा देवनागरी नसतेच. असती तरी भागलं नसतं. त्याचा हिशेब एक बाइट, एक अक्षर, एक चौकोन असा. आपली पहिली वेलांटी उच्चारात नंतर आणि कागदावर आधी, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. हे त्याच्या गावीही नाही. म्हणून मराठी ओळ चित्र म्हणूनच पाठवायची. लोगोची विद्या, प्रत्येक ओळीला.

अँड्रॉइडवर सोपं जातं. कॅनव्हासवर मजकूर काढला की जोडाक्षरं आपोआप नीट येतात. पायथनच्या पिलोत (चित्रं काढायची लायब्ररी) मात्र जोडाक्षरं लावणारी राक्म नावाची लायब्ररी चालू आहे का ते आधी तपासा, नाहीतर अक्षरं आली त्या क्रमानं नुसती ओळीत मांडली जातात. वेलांटी च च्या नंतर पडते आणि "चिवडा" चा "चविडा" होतो. "बर्फी" चा रफार फ वर चढायच्या ऐवजी र पाय मोडून तिथेच बसतो. विंडोजवर राक्मला फ्रिबिडी या आणखी एका लायब्ररीची फाइल (डीएलएल) वेगळी द्यावी लागते, बहुतेक जण तिथेच फसतात.

चित्र काढताना कडा गुळगुळीत करणारं अँटीअलायझिंग बंद ठेवा. प्रिंटरला काळा किंवा पांढरा, एवढंच कळतं. राखाडी कडा १२८ च्या उंबरठ्यावर कापल्या की अनुस्वार गायब होतात. आणि फॉन्ट जाड घ्या. बारीक रेषेच्या फॉन्टची शिरोरेघ तुटक येते.

---

बेळगावकर | गुरुवार, रात्री १०.३०

मी हे वर्षभर करतोय, एक युक्ती सांगतो. अख्खी ओळ चित्र करू नका. ३२ ठिपके उंचीची ५८ मिमीची एक ओळ १५३६ बाइट होते, वीस ओळींचं बिल तीस हजारांवर जातं.

जीएस व्ही शून्य ओळीच्या मध्ये बसत नाही, पण ईएससी स्टार बसते! ती चित्र मजकुरासारखं ओळीतच ठेवते. वर फरसाणवाल्यांच्या पट्ट्याशेजारी जी पाच प्रश्नचिन्हं आली ती त्याचमुळे. तेव्हा पदार्थाचं नाव २४० रकान्यांचं चित्र (१बी २ए २१ एफ० ००), आणि लगेच त्याच ओळीत वजन-दर साधा मजकूर. १४४ ठिपके उरतात, बारा अक्षरं. आकडे प्रिंटरच्या फॉन्टात कसे ठसठशीत येतात.

---

मंजिरी_के | गुरुवार, रात्री १०.५२

युक्ती भारी आहे. पण २४ ठिपके म्हणजे तीन मिलीमीटर, त्यात वरचा रफार आणि खालचा उकार दोन्ही मावायचे. "कुर्डुई" चाळिशीच्या वरच्या माणसाला वाचून दाखवा आणि मग बोलू.

---

बेळगावकर | गुरुवार, रात्री ११.०१

वाचून दाखवली. चष्मा मागितला. तरी मी २४ वरच राहणार, कागद वाचतो.

---

थर्मल_काका | शुक्रवार, सकाळी ७.१०

फरसाणवाले, तुमच्या काळ्या पट्टीबद्दल. ब्लूटूथ प्रिंटर बॅटरीवर चालतो. काळा ठिपका म्हणजे हेडवरचं एक तापलेलं टोक. ३८४ च्या ३८४ एकाच वेळी तापवायचे तर बॅटरी दमते, प्रिंटर हळू होतो, सायंकाळी पट्टी करडी पडायला लागते. पांढऱ्यावर काळी अक्षरं करा. हेडही जास्त जगेल.

---

फरसाण_सॉफ्ट | शुक्रवार, रात्री १०.१५

काका, मामांशी बोललो. दुकानाचा बोर्ड गेली तीस वर्षं काळ्यावर पांढरा आहे, म्हणून बिलही तसंच पाहिजे म्हणाले. शेवटी तडजोड: पट्टी १२० ऐवजी ४८ ठिपके उंच, अक्षरं तेवढीच ठसठशीत. २३०४ बाइट.

खाली यूपीआयचा क्यूआरही टाकलाय. आधी तो चित्र म्हणून पाठवत होतो आणि अर्धे फोन वाचत नव्हते. कारण मीच. २०० ठिपक्यांत बसवायला तो लहान-मोठा करत होतो, त्यामुळे काही चौकोन चार ठिपक्यांचे, काही पाचचे. आता प्रिंटरलाच काढायला सांगतो, जीएस कंस के नं (१डी २८ ६बी). आकार, दुरुस्तीची पातळी, मजकूर, छाप, या क्रमानं. ४१ चौकोनांचा कोड, प्रत्येक पाच ठिपक्यांचा, २०५ ठिपके, अडीच सेंटिमीटर. काउंटरच्या पलीकडून वाचला जातो. ज्यांच्या प्रिंटरला ही कमांड येत नाही त्यांनी चित्र पाठवा, पण पूर्ण पटीतच मोठं करा आणि भोवती चार चौकोनांची कोरी जागा सोडा.

---

लेबल_लावा | चार महिन्यांनंतर

जुना धागा वर काढतोय, माफी असावी. वरचं सगळं वाचून बाइट आडवे मांडले, ॲरेच पाठवला, मोजमाप बरोबर आलं. पण माझ्या लेबल प्रिंटरवर लोगो उलटा येतोय. म्हणजे डोक्यावर नाही हो, निगेटिव्हसारखा: काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं. एका लेबलला शाईचा डबा सांडल्यासारखं दिसतंय. कमांड बिटमॅप, आधी साइझ आणि सीएलएस.

---

मंजिरी_के | त्याच दिवशी

ही ईएससी-पॉस नाही, टीएसपीएल आहे, लेबल प्रिंटरांची वेगळी भाषा. तिथे शून्य म्हणजे काळा आणि एक म्हणजे पांढरा. प्रत्येक बाइट उलटव, एफएफमधून वजा कर. ओळीच्या शेवटी आठची पट पुरी करायला जे भरतोस तेही एक भर, शून्य नको, नाहीतर उजव्या काठाला काळी रेघ येईल.

---

लेबल_लावा | त्याच दिवशी, रात्री

उलटवलं. काठाची रेघ पण आली होती, तीही गेली. लाडूंच्या दोनशे डब्यांची लेबलं आत्ता निघतायत.

---

थर्मल_काका | दुसऱ्या दिवशी सकाळी

दोनशे सलग काढू नका, पन्नास झाली की पाच मिनिटं थांबा. हेड तापतं.